हरणाबाईची पायरी

मित्रांनो, मी एक उंच, दणकट, चिखल आणि घाट तुडवायला बनवलेली गाडी आहे. वयाने तशी जुनी नाही. उभी राहून राहून जुनी झाले.

विश्वजितने मला सांगलीच्या शोरूममधून निवडले. त्याचे सोने गाळायचे दुकान दूर कोइमतूरला, आणि आई हरणाबाई विट्यापलीकडच्या वस्तीवर एकटी. वाटेत ओढा. तो भरला की वस्ती तुटायची. विश्वजितने इंजिन विचारले, अ‍ॅव्हरेज विचारले, पण निकाल आईवर सोडला. एकेका गाडीत तिला चढवून पाहिले. माझ्या दाराखाली तर खास पायरी बसवून घेतली.

"हिच्यात चढाय येतंय बग," हरणाबाई म्हणाली.

"मग हीच घ्यायची. ओढा भरला तरी तुला दवाखान्यात पोचवंल."

तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! आता फारसे काही वाटत नाही.

पुढे मी पत्र्याच्या शेडमध्ये, कव्हरखाली. हे सोने गाळणारे गलाईवाले गावी येणार जत्रेला नाहीतर दसऱ्याला. दसऱ्याला मला झेंडूचा हार, नारळ, चाकाखाली लिंबू. गावातून एकदा मिरवायचे की पुन्हा शेड. चावी शेजारच्या हरिबाकडे असायची.

"आठवड्याला एक चक्कर मारू का?" त्याने विश्वजितला विचारले होते.

"नगं काका, वरखडा पडंल."

सीटवरचे प्लास्टिकसुद्धा कुणी काढले नाही. हरणाबाई तेवढी पदराने काच पुसायची.

गेल्या भाद्रपदात तिचे तोंड वाकडे झाले, एक बाजू लुळी पडली. ओढा भरलेला. हरिबाने चावी फिरवली, पण माझी बॅटरी केव्हाच मेली होती. वस्तीने ढकलून मला सुरू केले. ओढ्यात उतरल्यावर त्याने चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला. तो दांडा कधी कुणी हलवलाच नव्हता. जाम झाला होता. माझी मागची चाके गाळात नुसती गरगरत राहिली. शेवटी हरणाबाईला ट्रॅक्टरवर घालून नेले. ती वाचली. पण डॉक्टर म्हणाले, लवकर आणले असते तर पाय लुळा पडण्यापासून वाचला असता.

दसऱ्याला विश्वजित हार घेऊन आला. त्याने माझे दार उघडले, आईला आधार दिला. ती पायरीकडे बघत राहिली.

"आता लय उंच झाली रं."

हार खाली टाकून त्याने तिला उचलले आणि सीटवर बसवले. प्लास्टिक चुरचुरले.

"ह्ये काढ आदी," ती अडखळत म्हणाली.

त्याने ते दोन्ही हातांनी ओरबाडून काढले. तो रडत होता.

आता हरिबा दर आठवड्याला तिला माझ्यातून दवाखान्यात पायाच्या व्यायामाला नेतो. दुरुस्त केलेला दांडा सहज पडतो. अंगावर ओरखडे आलेत, कुणी मोजत नाही. मित्रांनो, वस्तूंची पूजा खुशाल करा, पण त्यांना त्यांचे काम करू द्या. हरिबा हरणाबाईला उचलूनच आत बसवतो. माझी पायरी अजून नवी कोरी आहे.