खाली नेणारी खुर्ची

मित्रांनो, खुर्चीसाठी माणसं एकमेकांचे गळे धरतात, असं मी ऐकून आहे. माझ्या बाबतीत सगळं उलटंच झालं. मी जुनी, सागवानी, दोन्ही बाजूंना भक्कम हात असलेली खुर्ची. मुलुंडच्या श्रमसाफल्य सोसायटीत, जिन्याखाली, पाण्याच्या पंपाशेजारी मी बारा वर्षं काढली. मी रिकामीच असायचे, पण बसायला कुणी तयार नसायचं.

मला घाटकोपरच्या एका सुताराने घडवलं. शेवटचा हात फिरवताना तो म्हणाला होता, "ही काही माझ्या हयातीत डुगडुगत नाही." त्याचा शब्द खरा ठरला. सोसायटीच्या पहिल्या सभेत चेअरमन माझ्यावर बसले. पंधरा ऑगस्टला पाहुणे बसायचे. मला रोज पुसत असत, आणि खोटं कशाला बोलू, मला गर्वही झाला होता. मग ऑफिसात चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

आमची इमारत चार मजली, आणि लिफ्ट नाही. कुणाला एकाएकी बरं वाटेनासं झालं, की "खुर्ची आणा, खुर्ची!" अशी धावाधाव व्हायची. मी मजबूत, म्हणून मलाच उचलायचे. अशी पाच माणसं मी ॲम्ब्युलन्सपर्यंत नेली. पाचांतलं एकही परत वर आलं नाही. यात माझा काय दोष? पण लोक मला 'खाली नेणारी खुर्ची' म्हणू लागले. आया मुलांना माझ्याजवळ फिरकू देत नसत. मला फार एकटं वाटायचं. पंप सुरू झाला की तेवढीच सोबत.

पाचवे होते चौथ्या मजल्यावरचे चंद्रप्रकाश घाडी. जिना उतरताना त्यांनी माझा उजवा हात घट्ट धरला होता. त्यांची बायको रुक्मिणीआजी कठड्याला धरून वरूनच बघत राहिल्या. गुडघे गेल्यामुळे त्यांना उतरता येत नव्हतं. त्यानंतर तीन वर्षं त्या खाली आल्याच नाहीत. मुलगी बडोद्याला, घरात दुसरं कुणी नाही. भाजीसाठी त्या खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायच्या. जिन्याच्या जाळीतून मला ती पिशवी खाली येताना आणि वर जाताना दिसायची.

यंदा मतदानाच्या आधी घरोघरी मतदारांच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. घाडींच्या घरी एकच चिठ्ठी आली, तीही चंद्रप्रकाश यांची! आजींचा आवाज जिन्यातून थेट माझ्यापर्यंत आला.

"मेलेल्याक चिठी आणि जित्याक नाय! मगे मी मेलंय काय रे?"

तिसऱ्या मजल्यावरचा प्रीतम त्यांना समजावत होता. "आजी, काहीतरी घोळ असेल. आणि तुमच्या एका मताने काय होणार? राहू दे ना."

"मत रव्हांदे. माझा नाव आसा काय नाय, ता माका बघूचा आसा."

पंच्याऐंशीच्या पुढच्या लोकांना घरबसल्या मत देता येतं. आजी सत्त्याऐंशीच्या, पण कार्डावर कुणीतरी अंदाजाने एक जानेवारी आणि पाच वर्षं पुढचं साल टाकलेलं, म्हणून कागदावर ब्याऐंशीच्याच. "सरकारात मी अजून तरणी आसंय," असं म्हणून त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी तीनला प्रीतम आणि दुसऱ्या मजल्यावरचा धवल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन वर गेले. पहिल्याच वळणावर कठड्याला आपटून तिचा पाय वाकला. नशीब, आजींना अजून उचललं नव्हतं. मग सगळे माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"ही नको रे," प्रीतमची बायको श्रुतिका हळूच म्हणाली. "ही ती खुर्ची आहे."

"काहीही काय, यार!" धवल म्हणाला. पण मला हात लावायला तोही पुढे आला नाही.

वरून आजींनी ऐकलं होतं. "आणा गो तिका! ह्यांका नीट नेल्यान तिना. माका पण नेतली."

मला वर नेलं. आजी बसल्या, आणि त्यांनी माझ्या उजव्या हातावरून तळवा फिरवला. चंद्रप्रकाशनी धरलं होतं तिथेच. मी जीव मुठीत धरून चारही मजले उतरले.

गल्ली पुरती खणून ठेवलेली, रिक्षा आत येईना. प्रीतम आणि धवलने मला आजींसकट उचललं. खड्ड्यावरच्या फळीवरून जाताना धवलचा पाय सरकला आणि मी एका बाजूला कलंडले. आजींनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. धवलने गुडघा टेकवून मला सावरलं.

शाळेत पोहोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते. दाराबाहेरच्या टेबलावर यादी चाळणारा म्हणाला, "रुक्मिणी घाडी? नाही हो, असं नावच नाही."

 आजींची माझ्या हातावरची पकड सुटली. प्रीतम म्हणाला, "चला आजी, आपण प्रयत्न तर केला." श्रुतिका मात्र हटली नाही. तिने यादी स्वतःकडे ओढून एकेक फोटो बघायला सुरुवात केली. साडेपाच वाजले. पावणेसहा झाले.

"सापडल्या! हा बघा फोटो! रुक्मिणी चंद्रप्रकाश गाडी!"

घाडीची गाडी झाली होती, आणि नाव दुसऱ्याच खोलीच्या यादीत जाऊन पडलं होतं.

"गाडी झालंय तरी तुमीच उचलून आणलास!" आजी म्हणाल्या, आणि मग पदर डोळ्यांना लावून रडल्या.

आतल्या अधिकाऱ्यांनी फोटो आणि कार्ड ताडून पाहिलं आणि आजींच्या बोटाला शाई लावली. शेवटची दोन पावलं त्या श्रुतिकाला धरून स्वतः चालल्या. मला लांबूनच मतदान यंत्राचा 'पीं' असा आवाज ऐकू आला.

परतताना मी जाम घाबरले होते. माणसाला घेऊन वर जायची मला सवयच नव्हती! प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती, लोक टाळ्या वाजवत होते. चौथ्या मजल्यावर मला टेकवलं तेव्हा आजी माझ्यावर तशाच बसलेल्या होत्या, जिवंत, घामाघूम. माझ्या जन्मात एवढा आनंद मला झाला नव्हता.

"हिका खाली नेव नकात," आजींनी सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्या खिडकीशी आहे.

आठवडाभर लोक शाई बघायला आले. मग येईनासे झाले. नख वाढत गेलं, तसा डाग पुढे सरकला, आणि एके दिवशी कापलेल्या नखाबरोबर गेला. "डाग गेलो गो," आजी मला म्हणाल्या. मलाच, कारण घरात दुसरं कुणी नव्हतं.

मित्रांनो, निवडणूक काही वर्षांनी येते, चौथा मजला मात्र रोज असतो. तुमच्याही इमारतीत असं एखादं दार असेल. ते वाजवा. आणि आमच्याकडे आलात, तर आजी भिंतीला धरून उठतील आणि म्हणतील, "बस रे, हय बस."

घाबरू नका. बसा माझ्यावर.