हलक्या हाताची सिस्टर

कसबा बावड्यात डॉक्टर जिनेंद्र चौगुल्यांचा बारा खाटांचा दवाखाना होता आणि तिथं निशिगंधा सिस्टर अकरा वर्षं इंजेक्शनं देत होत्या. हात इतका हलका, की सुई आत जाऊन बाहेर आली तरी पेशंट विचारायचा, "कवा टोचताय?" त्या हातासाठी कुणी शेवग्याच्या शेंगा आणून द्यायचं, कुणी खरवस. पण सकाळी सहाला त्यांच्या घरचं दारही वाजायचं. नवरा दात घासत अंगणात यावा, तर तिथं एखादं पावणं कंबर पुढं करून उभंच!

यंदा सिस्टरांनाच डेंग्यू झाला. डॉक्टरांनी त्यांना चार नंबरच्या खाटेवर आडवं केलं, डाव्या हाताला सलाईन लावलं आणि दम दिला, "चार दिवस उठायचं नाही." सिस्टर छताकडं बघत पडल्या. पंख्यावर एवढी धूळ साचलीय, हे त्यांना तेव्हा कळलं.

डोळा लागतोय तोवर पायाशी केरबा येऊन उभे. सत्तरीचे गृहस्थ, अशक्तपणासाठी रोज एक इंजेक्शन चालू होतं. इंजेक्शनची बाटली हातातच घेऊन आले होते.

"प्राचीकडं जावा की मामा," सिस्टर म्हणाल्या. प्राची म्हणजे महिन्यापूर्वी लागलेली नवी नर्स.

"त्या पोरीचा हात म्हंजे नांगराचा फाळ हाय. तुमीच टोचा."

"अवो, मी स्वतः ॲडमिट हाय!"

"मग बरंच झालं. हुडकाय लागलं न्हाय."

दुपारपर्यंत चार नंबरच्या खाटेपाशी नऊ माणसांची रांग लागली. डॉक्टर तावातावानं आले. "लाज नाही वाटत? तिला एकशे तीन ताप आहे!" रांगेला ते पटलं. सगळे उठले आणि म्हणाले, "बरं, मग सिस्टर बऱ्या झाल्यावर येतो. तवर आमचं दुखणं घरात ठिवतो." डॉक्टर घुटमळले. मग त्यांनी स्वतःच्या हातानं इंजेक्शनाचा ट्रे उचलून सिस्टरांच्या उशाशी आणून ठेवला. "तेवढं जमतंय का बघा," असं पुटपुटून, मान खाली घालून ते केबिनमध्ये गेले.

सिस्टरांनी तिघांना टोचलं. चौथ्याच्या वेळी हात थरथरायला लागला. अकरा वर्षांत असं कधी झालं नव्हतं, त्या मनातून घाबरल्या. त्यांनी प्राचीला जवळ बोलावून कानात काहीतरी सांगितलं.

त्यानंतर नवा नियम झाला. पेशंटनं पाच नंबरच्या खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडायचं. मागनं सिस्टर बोलत राहायच्या, "काय, ऊस गेला का कारखान्याला? धाकटी सून नांदाय आली का?" पेशंट सुनेबद्दल बोलायला लागला, की प्राची हळूच सुई घालायची. पेशंट उठून सिस्टरांना हात जोडायचा, "तापात सुदीक हात तसाच हाय बगा!" प्राची कापूस टाकायला निमूट आत जायची.

दोन दिवस बिनबोभाट पार पडले. तिसऱ्या दिवशी केरबा भिंतीकडं तोंड करून बांधाच्या भांडणाची हकीकत सांगत होते. "मग मी म्हनलं, मोजनी आन! बरोबर का न्हाय सिस्टर?" उत्तर येईना. केरबांनी मान वळवली. सिस्टर तोंड उघडं टाकून घोरत होत्या, आणि प्राची केरबांच्या कमरेपाशी वाकली होती.

"सुई कुठाय?" केरबांनी दरडावलं.

"आत हाय, मामा."

केरबांनी बराच वेळ विचार केला.

"मग दुखंना कसं?"

"मला काय ठावं," प्राची रडवेली होऊन म्हणाली.

"म्हंजे कालपन तूच व्हय?"

"व्हय. परवा संध्याकाळपासनं."

प्राचीनं सुई काढली तसे केरबा उठून बसले. आपण फसलो की बरे झालो, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी त्यांनी कंबर धरली. "कालचं आत्ता दुखाय लागलं," असं म्हणून ते लंगडत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मात्र ते सरळ प्राचीपुढं आले आणि म्हणाले, "बांधाचं अर्धं सांगायचं ऱ्हायलंय." पाठोपाठ बाकीचेही आले. चार नंबरच्या खाटेकडं कुणी फिरकलं नाही. सिस्टर सोळा तास झोपल्या, रक्तातल्या पेशी वाढल्या आणि त्या घरी गेल्या.

पंधरवड्यानं कामावर आल्या तेव्हा रांग प्राचीपाशीच होती. सिस्टरांना बरं वाटलं. घटकाभरानं तितकंसं बरं वाटेना. त्यांनी ट्रे दोनदा पुसला, कापसाचे बोळे केले, ते मोडून परत केले. ज्या पोरीला आपणच शिकवलं तिचा राग येतोय, याची त्यांना लाजही वाटली.

तेवढ्यात झुंबरबाई म्हणून एक म्हातारी काठी टेकत आली आणि रांग सोडून त्यांच्या शेजारी टेकली.

"काय होतंय आजी? कुठं टोचू?" सिस्टर लगबगीनं उठल्या.

"काय बी होत न्हाय. इंजेक्शन ती पोरगी चांगलं देती," म्हातारीनं पदर सावरला. "पन तिला ऐकून घ्यायची सवड न्हाय. तुमी रिकाम्याच हाय न्हवं? बसा."

सिस्टर बसल्या. म्हातारीनं पहिल्या बाळंतपणापासून सुरुवात केली. एकूण बाळंतपणं सात होती.