दोन प्रतिष्ठित व्यक्ती

वामन गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं, कागदावरचं नाव वाचलं आणि टोपण परत लावलं.

"ही आपली बातम्यावाली ना?"

इंदुबाईंनी मान हलवली. शेजारी उभी असलेली त्यांची मुलगी वैभवी, प्रश्न तुळशीला विचारल्यासारखी, तुळशीकडे बघत होती.

"मी बघतो हं तुझं," गुरुजी तिला म्हणाले. "ते संसदेतलं फार छान होतं. सगळे बाकं बडवतात ते. काय म्हणालीस तू?"

वैभवीने तुळशीचं एक वाळकं पान खुडलं. मग गुरुजींनी स्वतःच सांगितलं.

"एवढं बडवूनही बाकं मोडत नाहीत, म्हणजे देशातलं सुतारकाम अजून मजबूत आहे." ते हसले, चष्मा काढून पुसला. "दोनदा बघितलं मी. घरात हिलाही दाखवलं."

"मग द्या ना सही, गुरुजी."

"सहीचं कसं आहे, इंदुबाई. हसणं वेगळं. हसून झालं की माणूस मोकळा होतो. सहीखाली नाव राहतं." त्यांनी कागद अलगद परत सरकवला. "आमचा दिग्विजय सरकारी नोकरीत. उद्या कोणी विचारलं, या मुलीच्या वर्तणुकीची हमी तुझ्या बापाने कशी दिली, तर? चहा घेऊन जा मात्र."

दोघींनी चहा घेतला नाही.

कागद साधाच होता. मोठ्या कंपनीत ठेकेदारामार्फत आत जाणाऱ्या प्रत्येकाला तो भरावा लागे. नाव, पत्ता, आयटीआयचा नंबर, आणि तळाशी एक ओळ: अर्जदाराची वर्तणूक चांगली असल्याची हमी देणाऱ्या, रहिवासी भागातील दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या व शिक्के. ठेकेदाराच्या ऑफिसातला शैलेश म्हणाला होता, "तुम्हाला काय अवघड, काकू? तिला तर अर्धं गाव ओळखतं." तेच अवघड होतं. आणि मुदत आज पाचपर्यंत.

वैभवीने केमिकल प्लांटचा कोर्स करून दोन वर्षं झाली होती. दोन वर्षांत तीन कंपन्या, प्रत्येकीत सहा महिने झाले की ब्रेक. ही नोकरीही ठेक्याचीच, पण तीन वर्षांची, आणि हिला ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याच्या दवाखान्याचं कार्ड होतं. त्या कार्डावर आईबाप चढवता येत. तिचा बाप भगवंत सतरा वर्षं तारापूरला एका केमिकल कंपनीत रिअॅक्टरवर होता. ती कंपनी बंद पडून दीड वर्ष झालं, आणि तिथलं काहीतरी अजून त्याच्या छातीत चालूच होतं. तो झोपायचा बसून, भिंतीला उशी लावून. परवा इंदुबाई पहाटे उठल्या, तर तो बोटांवर श्वास मोजत होता. त्यांना बघून त्याने हात पांघरुणात घेतला.

बातम्या वैभवी चाळीच्या गच्चीवर करायची. मागे इंदुबाईंची जुनी हिरवी साडी ताणून बांधलेली, समोर पाण्याच्या टाकीवर फोन. केस नीट विंचरून, खांद्यावर ओढणी नीट घेऊन, सरकारी बातम्यांतल्या बाईसारखं तोंड करून ती बोलायची.

"जगात आपला देश वरच्या नंबरावर पोचल्याचं मोठ्या साहेबांनी जाहीर केलं आहे. आमच्या चाळीत नळाला माझा नंबर एकविसावा आहे. देशाने जरा सरकून घ्यावं, मलाही बादली लावायची आहे."

किंवा,

"बुलेट ट्रेन बोईसरला थांबणार. अहमदाबादहून निघालेला माणूस बोईसरला उतरेल, तोवर संडासाच्या रांगेत माझ्यापुढे अजून दोघी असतील. त्या पाहुण्याने घाई करू नये, ही विनंती."

अकरा हजार लोक हे बघायचे. इंदुबाई रेकॉर्डिंग चालू असताना जिन्यात उभ्या राहायच्या, कोणी वर येऊ नये म्हणून. मुलीला रागवायच्या आणि मग स्वयंपाकघरात जाऊन तोंडात पदर धरून हसायच्या. काल त्यांनी एकेक व्हिडिओ पुन्हा बघितला, कोणता काढून टाकावा हे ठरवायला. बत्तीस बघून झाले तेव्हा वैभवी म्हणाली, "आई, तू एकटीने माझे व्ह्यूज वाढवलेस."

गुरुजींच्या घरून त्या डॉक्टर प्रीतमच्या दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी काही विचारलंच नाही. एका हाताने एका पोराचं पोट दाबत त्यांनी दुसऱ्या हाताने सही केली, शिक्का मारला आणि म्हणाले, "किती दिवसांची विश्रांती लिहू?"

बाहेर आल्यावर वैभवी हसली. सकाळपासून पहिल्यांदा.

"एक प्रतिष्ठित झाला, आई. मला तीन दिवस जुलाबही झालेत, वाटलं तर."

"पुढचं बघ," इंदुबाई म्हणाल्या.

पुढचं म्हणजे कोण, ते दोघींनाही माहीत होतं. बचत गट चालवणारी लाडकी केव्हाही सही द्यायला तयार होती, पण शैलेशने फोनवर सांगितलं, शिक्का पाहिजे. शिक्का असलेली माणसं त्या भागात मोजून तीन. त्यातले गुरुजी झाले, डॉक्टर झाले. उरला विनोदभाऊ.

विनोदभाऊ माजी उपसरपंच, उत्सव मंडळाचा अध्यक्ष, आणि पाण्याचे दोन टँकर त्याचे. त्याच्या वाढदिवसाचा बॅनर नाक्यावर लागला होता तेव्हा वैभवीने त्याच्याखाली उभं राहून बातमी दिली होती: "वर गोलात देश चालवणारे आहेत, खाली टँकर चालवणारे. दोघांत साम्य एकच. निवडणूक जवळ आली की दोघंही दारापर्यंत येतात." तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला होता.

"मी बोलते," इंदुबाई रस्त्यात म्हणाल्या. "तू नुसती उभी राहा. चेहरा साधा ठेव."

"माझा हाच आहे."

"तोच नको."

विनोदभाऊच्या ऑफिसात पंखा गरगरत होता. सुजित नावाचा त्याचा कार्यकर्ता कॉम्प्युटरवर कोणाचं तरी श्रद्धांजलीचं पोस्टर करत बसला होता. विनोदभाऊने इंदुबाईंना बघून खुर्ची पुढे सरकवली.

"या वहिनी, बसा. भगवंतची तब्येत कशी हाय? आन ही पण आली काय? आज साडी नाय आणली मागं लावायला?"

इंदुबाईंनी कागद पुढे केला. सगळं सांगितलं. छातीचं, कार्डाचं, पाच वाजताचं. सांगताना त्यांचे हात आपोआप जोडले गेले होते, ते त्यांना मागाहून कळलं. वैभवीला आधीच कळलं असावं, कारण ती फरशीकडे बघत होती.

"माझी आई सत्तर वर्षांची हाय," विनोदभाऊ शांतपणे म्हणाला. "तिला कुणीतरी दाखवला तो व्हिडिओ. ती मला विचारते, विनोद, तू निवडणुकीलाच येतो काय रे? आता मी काय सांगू तिला? मी म्हटलं, आये, मी घरातच ऱ्हातो."

सुजित खोकला. विनोदभाऊने त्याच्याकडे बघितलं, तसा तो पुन्हा श्रद्धांजलीत शिरला.

"सॉरी, विनोदकाका," वैभवी म्हणाली. "मी काढून टाकते. आत्ता, तुमच्यासमोर."

"काढू नको. काढलास तर लोक बोलतील, विनोदने पोरीला घाबरवली. मला तसं नाय करायचं." त्याने ड्रॉवर उघडला, शिक्का काढून टेबलावर ठेवला. "एक नवीन टाक. तुझ्याच पद्धतीने. सुजितने लिवलंय एक, मागच्या महिन्यापासून पडलंय. वाच आन जा. सही मी देतो, माझं काय जातंय?"

कागदावर चार वाक्यं होती. देशाचे नेतृत्व खंबीर हातात आहे. आपल्या गावाचे नेतृत्वही विनोदभाऊंच्या खंबीर हातात आहे. टँकर वेळेवर येतो. तरुणांनी नकारात्मक विचार सोडून विकासाला साथ द्यावी.

वैभवीने ते वाचलं. मग आईकडे बघितलं. इंदुबाई घड्याळाकडे बघत होत्या. तीन वाजून वीस मिनिटं.

सुजितने वैभवीचा फोन धरला. वैभवीने ओढणी सारखी केली आणि बोलायला लागली. शब्द कागदावरचेच होते, एकही इकडचा तिकडे नाही. पण 'खंबीर हातात आहे' म्हणाली आणि सुजितला हसू फुटलं, फोन हलला. विनोदभाऊही अर्धा हसला आणि मग थांबला.

"परत."

दुसऱ्यांदा कोणी हसलं नाही. विनोदभाऊने व्हिडिओ लावून बघितला, फोन जवळ धरला, लांब धरला.

"यात कायतरी हाय," तो म्हणाला. "काय हाय ते कळत नाय, पण हाय. लोकांना कळंल. परत घे."

तिसऱ्यांदाही ते होतंच. वैभवीच्या कपाळावर घाम आला होता. "मी सरळच बोलतेय, काका," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. ती जीव लावून सरळ बोलत होती.

पावणेचार झाले. इथून बोईसरला ठेकेदाराच्या ऑफिसात जायला अर्धा तास, रिक्षा लगेच मिळाली तर.

"वहिनी, तुमी आई हाव," विनोदभाऊ म्हणाला. "तुमीच बघा बरं. काय चुकतंय हिचं?"

त्याने फोन इंदुबाईंच्या हातात दिला. बघायची गरज नव्हती. वैभवी तीन वर्षांची असताना साखर खाऊन 'मी नाही खाल्ली' म्हणायची, तेव्हापासून त्यांना ते ठाऊक होतं. एवढंसंच होतं ते. बाकी कोणाला बोट ठेवून दाखवता आलं नसतं. इंदुबाईंनी तरी व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला. मग फोन पदराने पुसला आणि सुजितला दिला.

"डावी भुवई," त्या म्हणाल्या. "डावी भुवई वर जाते तुझी. ती खाली ठेव. आणि शेवटच्या शब्दाआधी थांबतेस. थांबू नकोस. एका दमात बोलून टाक."

वैभवी त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता त्या बघण्यात. कपाटाची किल्ली कुठे असते हे घरातल्याच माणसाने बाहेर सांगावं, तसं काहीतरी होतं.

"बरं," ती म्हणाली.

चौथ्या वेळी सगळं नीट झालं. भुवई हलली नाही. शब्दांच्या मध्ये कुठे फट राहिली नाही. सरकारी बातम्यांतल्या बाईने बोलावं तसं ती बोलली, आणि बोलून झाल्यावरही तिचं तोंड तसंच राहिलं.

"हां," विनोदभाऊ म्हणाला. "आता झाली बातमी."

वैभवीने व्हिडिओ तिथेच टाकला, मग त्याने सही केली. शिक्क्यावर फुंकर घालून दाबून मारला, दोनदा, एक पुसट आला म्हणून. "भगवंतला सांगा, जपायला. आन टँकर लागला तर फोन करा," असं तो म्हणाला, आणि तो ते मनापासून म्हणत होता.

रिक्षात बसल्यावर वैभवीच्या फोनवर टिंग वाजलं. तिने बघून फोन आईपुढे धरला. व्हिडिओ टाकून दहा मिनिटं झाली नव्हती. पहिली प्रतिक्रिया वामन गुरुजींची होती. अंगठा, आणि खाली: उत्तम. असेच चांगले विचार मांडत राहा.

पाचला दहा कमी असताना शैलेशने कागद घेतला. नावं वाचलीच नाहीत, अंगठ्याने नुसते शिक्के मोजले. "एक, दोन. झालं. सोमवारी सकाळी सातला गेटवर. सेफ्टी शूज आपले आणायचे."

इंदुबाईंना वाटलं होतं, हे ऐकल्यावर रडू येईल, काहीतरी होईल. त्यांनी वैभवीला शूजचा नंबर विचारून घेतला.

परतीच्या शेअर रिक्षात घिवली गावची एक मासेवाली होती, रिकामी टोपली मांडीवर घेऊन, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी पाळी सुटलेले दोन कामगार. बेटेगावच्या फाट्याला पोलिसाने रस्ता अडवला होता. एकामागे एक वाहनं उभी राहिली. मासेवालीने मान बाहेर काढली.

"काय झालं गो?"

वैभवी फाईल छातीशी धरून समोर बघत होती. एरवी ती या एका प्रश्नावर फाट्यापासून दिल्लीपर्यंत जाऊन आली असती. इंदुबाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग त्यांनी घसा साफ केला.

"कोणीतरी मोठं माणूस चाललंय," त्या म्हणाल्या. "देश पुढे चाललाय ना, म्हणून आपल्याला थांबवलंय."

पुढचे दोघं मागे वळले. ड्रायव्हर आरशात बघून हसला. "सही बोली, मौसी," तो म्हणाला. मासेवाली तर टोपलीवर हात मारून हसली. इंदुबाईंच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. आयुष्यात परक्या माणसांत त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. आजाऱ्याच्या तोंडात घास घालून त्याने गिळला का ते बघावं, तसं त्यांनी वैभवीकडे बघितलं आणि आणखी एक वाक्य पुढे केलं.

"रोजच थांबवतात. पण आज पोलीस ठेवलाय, म्हणजे मान वाढला आपला."

रिक्षा पुन्हा हसली. लांबून सायरन ऐकू यायला लागला. वैभवीचा हात फाईलवरून सुटला आणि आईच्या मनगटावर आला.

"आई, हळू," ती म्हणाली. आधी तिने ड्रायव्हरकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. "लोक ऐकतायत."

सायरन जवळ येऊन निघून गेला. पोलिसाने हात खाली केला, पण पुढच्या गाड्या अजून हलल्या नव्हत्या.

"पुढं काय गो?" मासेवालीने इंदुबाईंना विचारलं. ती अजून हसतच होती. "सांग ना."

इंदुबाईंनी मनगटाकडे बघितलं. हात तसाच होता, घट्ट.