टायरभर पुढे

बेल्जियमच्या फ्लँडर्स भागातल्या आमच्या गावच्या जत्रेत सायकल शर्यत होती आणि निकालाचा कॅमेरा मी सांभाळत होते. शेवटच्या काही मीटरांत वान्नेसनं शेजारच्या योरिसच्या जबड्यावर डोकं हाणलं. योरिस अंतिम रेषा ओलांडतानाच कोसळला, लोखंडी कठड्यावर आदळला आणि त्याचे दात रस्त्यावर सांडले. वान्नेस हात उंचावून पुढे गेला.

माझा कॅमेरा फक्त रेषा पाहतो. त्यात मारामारी आलीच नाही, पण योरिसचं पुढचं चाक टायरभर पुढे दिसत होतं. मी विजेता म्हणून त्याचा नंबर पुकारला.

वान्नेस लाथेनं दार उघडून रेषेजवळ उभ्या आमच्या पंचांच्या गाडीत घुसला. "गोडेलीव्ह, निकाल बदल! सगळ्यांनी पाहिलंय, मी जिंकलोय!"

"हात वर केले म्हणून जिंकतात होय रे? चाक बघ तुझं."

त्यानं माझे केस धरून माझं तोंड टेबलावर आपटलं. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मलाच आला. पंचांनी त्याला खाली पाडून धरलं, तरी तो ओरडतच होता, "म्हातारे, बदल!"

रक्त गिळत मी निकालावर सही केली.

रुग्णवाहिकेत मला योरिसशेजारीच बसवलं. त्याचा जबडा बांधलेला होता. मी म्हटलं, "पोरा, तूच जिंकलास." तो हसायला गेला आणि कळवळून किंचाळला.