ओढून बघ

परीक्षक साहेबांनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "आजी, अंगठा दिला तरी चालेल."

मी चष्मा लावला. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, याच शाळेत संध्याकाळच्या वर्गाला बसून मी वाचायला शिकले. अजूनही मोठ्यानं वाचल्याशिवाय मला उमगत नाही, म्हणून मोठ्यानंच वाचलं. "सदर प्रकल्प... घरातील मोठ्या व्यक्तीने... तयार केला आहे."

प्रदर्शनाच्या हॉलमधली पोरं आणि पालक वळून बघायला लागले.

"ह्यावर सही न्हाई करायची मी," मी म्हणाले.

माझी नात अपेक्षा चौथीत आहे. जयमाला बाईंनी वर्गाला 'माझी गल्ली' हा प्रकल्प दिला होता. शाळेत संगणकाला जोडायचं एक छोटं किट आलं होतं. पुठ्ठ्यावर चित्र काढायचं, त्यात टाचण्या खोचायच्या, प्रत्येक टाचणीची वायर मागून किटला जोडायची. एका हातात काळी वायर धरून टाचणीला बोट लावलं की आपण मोबाइलवर घेतलेला आवाज संगणकातून येतो. अपेक्षानं तळवड्यातली आमची गल्ली काढली होती. गिरणी, लेथचं वर्कशॉप, कंपनीचा भोंगा, देवळातली घंटा, बस आणि आमचं दार.

साहेबांनी पुठ्ठा उलटा केला तिथं बिनसलं. मागे सहा रंगांच्या वायरी एका ओळीत, सारख्या अंतरावर टेप मारून बांधलेल्या.

"हे लहान पोरीचं काम नाही. कंपनीतून करून आणलंय."

"रीत कंपनीचीच हाय," मी म्हणाले. चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर मी एकोणीस वर्षं काढली. अक्षर येत नव्हतं, रंगावर काम केलं. "रीत मी शिकवली. हात तिचे."

जयमाला बाई कानाशी आल्या. "करा ना सही, आजी. मोठ्यांच्या मदतीनं केलेला म्हणून उत्तेजनार्थ बक्षीस तरी मिळेल. नाहीतर प्रदर्शनातूनच काढतील तिला."

अपेक्षा खाली बघत नखानं टेप खरवडत होती.

"खोटं लिहून मिळालेलं बक्षीस ठेवू कुठं, बाई? साहेब, उपसा ते सगळं. पोरगी तुमच्यासमोर परत जोडंल."

"आजी, अजून चौदा प्रकल्प बघायचेत मला."

"मग बघून या. आमी इथंच हाय."

साहेब काही बोलायच्या आत अपेक्षानंच वायरींचा जुडगा धरला आणि खसकन उपसला. पंधरा दिवसांचं काम होतं ते. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि सगळ्यांना दिसतील अशी उभी राहिले.

ती खाली मांडी घालून बसली. पोरं भोवती जमली.

"अपे, हिरवी राहिली!" तिची मैत्रीण मोनिका ओरडली.

"गप गं, माहितीये मला."

साहेब आधी घड्याळ बघत होते, मग तिच्या बोटांकडे बघू लागले.

जोडून झालं. गिरणी घरघरली. लेथ, भोंगा, घंटा, बस, सगळे बोलले. दाराच्या टाचणीला बोट लावलं, तर काहीच नाही.

"बघा," साहेब माझ्याकडे वळून हसले.

चूक मला उभ्या जागेवरून दिसत होती. निळ्या वायरीचं टोक सैल होतं. मी जीभ दाताखाली धरली. अपेक्षानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पुठ्ठा उलटा केला आणि एकेक वायर ओढून बघायला लागली. लाइनवर आम्ही हेच करायचो. जोड ओढून बघितल्याशिवाय पुढच्या बाईकडे सरकवायचा नाही. पाचवी निळी. ती हातातच आली. पोरीनं दातानं टोक सोललं, शंभरदा नको म्हटलेलं असूनही. पीळ दिला, टेप मारली, पुन्हा ओढून बघितली.

मग दाराला बोट लावलं.

"अपेऽऽ, डबा राहिला गं!"

माझाच आवाज हॉलभर घुमला. पोरं खिदळली. जयमाला बाईंनी तोंडाला पदर लावला.

साहेब म्हणाले, "ठीक आहे, ठेवा प्रदर्शनात. तो कागद द्या, फाडून टाकतो."

"फाडायचा कशाला?" मी त्यांच्या खिशातलं पेन मागून घेतलं. छापील ओळीवर आडवी रेघ मारली. खाली लिहायला मला वेळ लागला, पण सगळे थांबले. 'हे अपेक्षाने केले. मी हात लावला नाही.' त्याखाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

"आता तुमी करा सही," मी पेन परत देत म्हणाले. "बघितलंय ना तुमी?"

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. मग सही केली.