भिकनआबांची कॅसेट

२००३ सालच्या फेब्रुवारीत झुंबरबाई येवल्याहून एसटीने नाशिकला आल्या, त्या पिशवीत एक कॅसेट घेऊन. द्वारका चौकाजवळ एका टायरच्या दुकानावर ललित यांची रेकॉर्डिंगची लहानशी खोली होती. रिक्षाला कर्णा बांधून गावभर फिरवायच्या जाहिराती तिथे तयार व्हायच्या. साड्यांचा सेल, शाळेचे प्रवेश, हरवलेली म्हैस, काहीही. बोलायची रूपाली, आणि बोललेलं कॉम्प्युटरवर नीट करायचीही तीच.

तिने कॅसेट लावली आणि दचकून आवाज कमी केला. तापलेल्या कढईत फुटाणे उडावेत तसा नुसता चरचराट. त्याच्या आत कुठेतरी एक माणूस बोलत होता.

"कोण आहे हे, मावशी?"

"माझा बाप. भिकनआबा."

आबा पैठणी विणायचे. मान मागे वळवून डाळिंब टोकणारा राघू त्यांनी स्वतःच बसवला होता. तो त्यांनी कागदावर कधी काढला नाही, सगळं बोटांत. त्या राघूच्या दोनच पैठण्या झाल्या, त्या व्यापाऱ्याकडून कुठल्या कुठे गेल्या. ब्याण्णव साली आबांची नजर गेली. तेव्हा त्यांनी पुतण्याचा टेपरेकॉर्डर मागवला, माइक ओठांना लावला, आवाजाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवलं आणि ओळीमागून ओळ सांगून टाकली, किती धागे जरीचे, किती हिरवे, किती लाल. दोन महिन्यांनी ते गेले. कॅसेट ऐकली तेव्हा कळलं, की त्यातलं काहीच समजत नाही.

"धा वर्सं झाली," झुंबरबाई म्हणाल्या. "आठवून आठवून तीनदा विणला. दरवेळी राघूची मान मोडल्यावानी दिसती."

ललित दारात उभे राहून ऐकत होते. "मावशी, खोटी आशा लावत नाही. आवाज मापात मावला नाही, वरून सांडला. सांडलेलं परत भरता येत नाही."

"सगळंच नाही सांडलेलं, सर," रूपाली म्हणाली. "शब्द सुरू होताना आणि संपताना आवाज लहान असतो. तेवढा शाबूत आहे."

ललित तिच्याकडे बघत राहिले. आठ वर्षांत तिने त्यांचं बोलणं कधी खोडलं नव्हतं. "बघ मग. पण जाहिराती थांबता कामा नयेत."

रूपालीने स्पिरिटच्या बोळ्याने टेपचं हेड पुसलं. हेडचा बारीक स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून आवाज जरा उघडा केला आणि अगदी हळू आवाजात सगळी कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसल्या. एरवी त्यांचे माथे गोल असतात, इथे ते पाटासारखे सपाट कापलेले होते. चरचराट तिथूनच येत होता.

पहिल्यांदा तिने सोपी वाट धरली. वरचा सगळा किणकिणता भाग काढून टाकला. चरचराट गेला. पुढच्या मंगळवारी झुंबरबाई आल्या, हेडफोन लावून ऐकू लागल्या आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आबाच्या तोंडात कापूस कोंबलाय जणू. हे सात हाय का आठ?"

रूपालीने ऐकलं. खरंच कळत नव्हतं. 'सात'मधला स तिनेच पुसून टाकला होता. तिने ती फाइल काढून टाकली आणि मूळ आवाज पुन्हा उघडला.

आता एकेक शब्द. पडद्यावर तो मोठा करायचा, शाबूत कडा कुठल्या दिशेने चढतायत ते बघायचं आणि माउसने सपाट माथ्यावर गोलाई काढायची. एका शब्दाला पाव तास लागायचा. वीज गेली की सेव्ह करायचं राहिलेलं पुन्हा. दुपारी जाहिरातींचं काम हलकं असे, तेवढा वेळ तिचा. बोटं आखडायची. ललित तिच्यासमोर चहाचा ग्लास ठेवून निघून जायचे. मग एक दिवस गेलेच नाहीत, शेजारी स्टूल ओढून बसले.

तिसऱ्या आठवड्यात कॅसेटच्या अगदी सुरुवातीचं एक वाक्य मोकळं झालं. ते वाक्य आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं; सगळे त्याला खरखर समजत होते. झुंबरबाई त्या दिवशी आलेल्या होत्या. रूपालीने ते स्पीकरवर लावलं.

"झुंबर, एका ओळीची बेरीज चाळीस आली पायजे. नाय आली, तर मी नाय चुकलो, तू चुकलीस."

झुंबरबाईंनी पदर तोंडाला लावला. रडतायत असं वाटलं, पण त्या हसत होत्या. "असाच बोलायचा मेला! अक्षी असाच!"

रूपाली मात्र वही ओढून बसली होती. "सर, आता चुकलं की कळणार!"

तिने शंकेची एक ओळ घेतली. नऊ जर, मग सात किंवा आठ हिरवा, तीन लाल, एकवीस जर. आठ धरले तर एकेचाळीस होत होते. सात धरले की बरोबर चाळीस. मग काम भराभर चाललं. रूपाली शब्द मोकळा करायची, झुंबरबाई बोटांवर बेरीज करायच्या आणि ललित वहीत उतरवायचे. बासष्टपैकी एकसष्ट ओळी बसल्या.

एकतिसावी बसेना. अडतीसच येत होते. नेमकी राघूच्या मानेची ओळ. दोन दिवस तिने ती ओळ शंभरदा ऐकली. प्रत्येक आकडा स्वच्छ होता, एकही संशयाचा नव्हता.

"आबाच चुकला आसंल," झुंबरबाई शेवटी म्हणाल्या.

"नाही मावशी. चुकले मी."

तिला एकदम आठवलं होतं. त्या ओळीत तिने एक कर्कश तडाखा खरखर समजून कापून टाकला होता. मूळ आवाजात तिने ती जागा शोधली आणि तडाखा मोठा करून पाहिला. त्याच्या दोन्ही बाजूंना इवल्याशा शाबूत कडा होत्या. तिने माथे गोल करायला घेतले. ललित शेजारी वही उघडून बसले. अर्ध्या तासाने तिने बटण दाबलं.

"दोन लाल," आबा म्हणाले.

ललित स्टुलावरून असे उठले की स्टूल आडवं झालं. "चाळीस!" ते ओरडले. खालचा टायरवाला वर बघायला लागला.

त्या रविवारी रूपाली आणि ललित येवल्याला गेले. झुंबरबाई मागावर बसल्या आणि रूपालीने मोकळा केलेला आवाज नव्या कॅसेटवर भरून आणला होता, तो टेप शेजारी ठेवला. आबा एक ओळ सांगायचे, रूपाली टेप थांबवायची, झुंबरबाई रंगीत रेशमाच्या कांड्या फिरवून धागा ठोकायच्या आणि मान हलवायच्या. मग पुढची ओळ.

शेजारच्या आक्काबाई हातातलं तसंच टाकून दारात आल्या. "भिकनदादा बोलतोय?"

"बोलतोय," झुंबरबाई मागावरून नजर न काढता म्हणाल्या. "गप बस, आकडा चुकंल."

दुपारपर्यंत दारात गल्ली जमली. तिसाव्या ओळीपर्यंत राघू समोर बघत होता. एकतिसावीत दोन लाल धागे बसले, त्यावर पुढच्या चार ओळी चढल्या आणि मान वळली. मोडली नाही, डौलात डाळिंबाकडे वळली. मागे कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग सगळेच.

उजेड असेतो बासष्ट ओळी पुऱ्या झाल्या. झुंबरबाईंनी रूपालीचा हात धरून त्या राघूवरून फिरवला. "तू विणलास ह्यो," त्या म्हणाल्या. रूपालीने बोटाने मानेतले दोन लाल धागे चाचपले.

एक झेरॉक्स काढून ठेवावी म्हणून ललित यांनी मागाशेजारची वहीची पानं मागितली, तशी झुंबरबाईंनी ती त्यांच्या हातात दिली. "झेरॉक्स काढून धाडा, साहेब. एक नको, धा धाडा. धा वर्सं येका कॅसेटीत कोंडला होता, आता गल्लीत हिंडू द्या त्याला."

पानं आली तशी त्यांनी घरोघर वाटली. दिवाळीपर्यंत येवल्याच्या त्या गल्लीत चार मागांवर राघू मान वळवून डाळिंब टोकत होता.