न हलता खाली गेलेली पायरी

मित्रांनो, मी एक जुनी दगडी पायरी आहे. आता तुम्ही लगेच विचाराल, वरची की खालची? तेवढे मात्र विचारू नका. जन्मभर मी एकाच जागी बसून आहे, तसूभरही हललेली नाही, आणि तरी या प्रश्नाचे उत्तर मला पुन्हा पुन्हा बदलावे लागले आहे. दगडाच्या डोक्यात उशिरा प्रकाश पडतो हे मला मान्य आहे. पण या बाबतीत माणसांच्याही डोक्यात तो वेळेवर पडला नाही, म्हणून मी फारशी लाजत नाही.

आम्ही चौघी बहिणी एकाच शिळेच्या. पाथरवटाने आम्हाला फोडून वेगळे केले, कडा सरळ केल्या आणि पाय घसरू नये म्हणून प्रत्येकीच्या पाठीवर छिन्नीने बारीक रेघा ओढल्या. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. घाव आम्हालाही तेवढेच बसले, पण देवपण काही आले नाही, पायरीपण आले. आमची त्याबद्दल तक्रार नव्हती.

शहराच्या सखल भागातल्या एका गल्लीत, दोन खोल्यांच्या घरापुढे आम्हाला एकीवर एक बसवले. घरमालकाने मुद्दाम चार पायऱ्या मागितल्या होत्या, कारण जोराचा पाऊस झाला की गल्लीत पाणी भरत असे. मी चौथी, सगळ्यांत वरची, उंबऱ्याला खेटून. खोटे कशाला बोलू, मला त्याचा थोडा ताठा होता. खालच्या तिघींच्या अंगाला चिखल लागे, माझ्यापर्यंत येईतो लोकांचे पाय स्वच्छ झालेले असत.

मालकांची बायको इस्पितळात नर्स होती. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. मालक लवकर गेले. सिस्टरनी एकटीने दोन मुलगे वाढवले. कामावरून आल्या की त्या माझ्यावर बसून बूट काढत, आणि दुसरा बूट निघायच्या आत कुणीतरी समोर येऊन उभे राहिलेले असे. एकाचे कोपर सोललेले, दुसरीच्या बाळाला ताप, तिसऱ्याच्या डोळ्यात काहीतरी गेलेले. सिस्टर बसल्या बसल्या जखम धुवत, पट्टी बांधत आणि त्याच दमात रागवत. गल्लीतला पत्ता सांगायचा तर लोक "सिस्टरच्या पायरीपासून डावीकडे" असा सांगत. पायऱ्या चार होत्या, पण लोकांच्या मनात असे ती मीच, असे मी धरून चालले होते.

पावसात पाणी येई. पहिली बहीण बुडे, क्वचित दुसरीला ओलावा लागे. मग गल्लीच्या टोकाशी असलेल्या गटाराच्या जाळीतून ते सावकाश निघून जाई. घर कोरडे राही. रस्त्याचे हाल मात्र कुत्रा खात नसे. चपला हातात घेऊन लोक घोटाभर पाण्यातून चालत, आणि समोरच्या औषधवाल्या काकांच्या दुकानात त्या दिवशी कुणी फिरकत नसे.

पुढे सिस्टरचा धाकटा मुलगा शिकला आणि पालिकेच्या रस्ते खात्यात लागला. झाले! ज्याला त्याला हक्काचा माणूस मिळाला. दूध आणायला निघाला तरी लोक त्याला अडवून पाण्याचे गाऱ्हाणे सांगत. तो बिचारा मान डोलवी आणि निसटे. एकदा मात्र सिस्टरनीच त्याला माझ्यावर बसवून विचारले,

"जगाचे रस्ते करतोस आणि आईच्या दारात चिखल. शोभतं का तुला?"

हे त्याला लागले. त्याने खात्यात खेपा घातल्या, वरच्यांची मनधरणी केली आणि एकदाचा रस्ता आणला. खडी आली, डांबर आले, रोलर आला. जुना रस्ता कुणी खरवडला नाही, नवा थर सरळ त्याच्यावर चढला. माझी सगळ्यांत खालची बहीण डांबराखाली गेली. मी हाक मारायची, तर दगडाला हाक कुठली! लोक तर आनंदात होते. औषधवाल्या काकांनी सगळ्यांना चहा पाजला. धाकट्याची छाती फुगली होती आणि त्याच्याकडे बघताना सिस्टरचे डोळे भरले होते. मला काहीच उमगेना. घरातले एक माणूस गाडले गेले आणि घरातच सोहळा?

तो रस्ता पावसाने उखडला. मग त्यावर दुसरा थर आला, तोही उखडला, मग तिसरा. पालिकेचे औषध एकच, दुखणे कुठलेही असो. प्रत्येक थराबरोबर गटाराच्या तोंडाशीही डांबर चढले आणि जाळी अर्धी झाली, पण तिकडे कोण बघतो? दुसरी बहीण गेली, तिसरीही गेली. काका हुशार, त्यांनी दर वेळी दुकानाची जमीनही उंच करून घेतली. सिस्टरच्या घराची जमीन उंच करायची तर छताला डोके आपटले असते.

एक दिवस रस्ता बरोबर माझ्या पातळीला आला. तोवर सिस्टर निवृत्त झाल्या होत्या आणि त्यांचे गुडघे फार दुखत. त्या दिवशी पाऊल न उचलता त्या रस्त्यावरून सरळ घरात आल्या आणि कौतुकाने म्हणाल्या की, धाकट्याने मला एक पायरीसुद्धा चढायला ठेवली नाही. मग मी कोण होते? मी आता वरचीही नव्हते, खालचीही नव्हते. पण त्यांच्या गुडघ्यांना आराम पडत होता, तेव्हा मी गप्प राहिले.

त्यानंतर आणखी दोन-तीन थर आले. आता रस्ता माझ्याहून उंच झाला. घरात यायला रस्त्याच्या कडेने सिमेंटच्या दोन नव्या पायऱ्या कराव्या लागल्या, त्या उतरून माणूस माझ्यावर येई आणि मग आत. ज्या घरात लोक पायऱ्या चढून येत, त्यात आता ते पायऱ्या उतरून येऊ लागले. त्या दोन सिमेंटच्या पोरी माझ्या डोक्यावर बसल्या आणि मी सगळ्यांत खालची झाले. सांगा मित्रांनो, मी कुठे गेले होते का? मी होते तिथेच होते.

मग तो पाऊस आला. भर दुपारी सुरू झाला आणि थांबायचे नावच घेईना. घरात सिस्टर होत्या आणि त्यांची थोरली सून होती. थोरला मुलगा ट्रकवर असे, महिन्यातून दोन-चार दिवस घरी. सून पुढच्या खोलीत शिवणकाम करी. एका शाळेचे गणवेश शिवून तिने जमिनीवर थप्प्या लावून ठेवले होते. या वेळी पाणी रस्त्यावर थांबलेच नाही. सिमेंटच्या पायऱ्या उतरून ते माझ्यावर आले, आणि माझ्यावरून पाहुण्यासारखे घरात शिरले. मी त्याला अडवायला हवे होते, पण अडवू कशाने? खालच्या पायरीवरून वस्तू घरंगळतच आत जातात.

सुनेने शिलाई मशीन पलंगावर चढवले. गणवेश मात्र वाचले नाहीत. सिस्टर पलंगावर पाय वर घेऊन बसल्या होत्या, त्यांच्या शेजारी मशीन, आणि खाली त्यांची जुनी औषधांची पेटी तरंगत होती.

पालिका धावून आली, नाही असे नाही. वरातीमागून का होईना, घोडे आले. पंप आला आणि घरातले पाणी उपसून रस्त्यावर टाकू लागला. रस्त्यावरचे पाणी पुन्हा पायऱ्या उतरून माझ्यावरून आत येऊ लागले. तेच पाणी! मी त्याला ओळखू लागले होते. पंप चालवणारा घामाघूम झाला आणि शेवटी डोके खाजवत बसला. नंतर एक साहेब आले, रस्त्याच्या मधोमध उभे राहिले, कोरड्या बुटांकडे समाधानाने पाहिले आणि म्हणाले की, रस्त्यावर पाणी साचले नाही, काम चोख झाले आहे. यात खोटे काही नव्हते, तेच तर मला समजत नव्हते.

सुनेने मग माझ्यावर विटांचा छोटा बांध घातला. पुढच्या पावसात पाणी वळून शेजारच्या घरात गेले. शेजारीण कमरेवर हात ठेवून दारात आली. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असे ती म्हणाली आणि तिचे चुकले नव्हते. तिनेही बांध घातला, तेव्हा पाणी तिच्या पलीकडे गेले. ज्या बायका एकमेकींना वाटीभर साखर देत, त्या आता एकमेकींच्या विटा मोजू लागल्या.

अशात खात्यात एक नव्या इंजिनिअर बाई आल्या. त्यांनी गल्लीच्या दोन्ही टोकांपासून मापे घेतली आणि सांगितले की थर चढवणे बंद. सगळे थर खरवडून रस्ता मूळच्या पातळीला न्यायचा, खाली मोठे पावसाळी गटार टाकायचे आणि रस्त्याचा उतार गटाराकडे ठेवायचा. त्यासाठी गल्लीची संमती हवी होती. बैठक आमच्याच दारात भरली, कारण या गल्लीत काहीही झाले तरी लोक सिस्टरच्या दारातच जमतात.

इकडे आड, तिकडे विहीर. रस्ता खाली गेला तर काकांचे दुकान उंचावर लटकणार. तेव्हा काका नाही म्हणाले. पण स्वतःच्या दुकानाचे नाव त्यांनी काढले नाही. ते म्हणाले, सिस्टरचा विचार करा, आत्ताच्या दोन पायऱ्या त्या कशाबशा चढतात, त्या गुडघ्यांनी चार कशा उतरणार? बाकीच्यांनाही हे सोयीचे वाटले. ज्यांना खोदकामाची दगदग नको होती, ते सगळे एकाएकी सिस्टरच्या गुडघ्यांची काळजी करू लागले.

धाकटा माझ्यावर खाली मान घालून बसला होता. तो आईला हळूच म्हणाला, "आई, रस्ता खाली गेला तर तू घरात अडकून पडशील. हा रस्ता मीच आणला. आता कोणत्या तोंडानं म्हणू, खोदा म्हणून?"

मला वाटले, त्या नाही म्हणतील. खरे सांगू? मला काय वाटले पाहिजे, हेच मला ठरवता येईना. त्या हो म्हणाल्या तर मी पुन्हा वरची होणार होते आणि माझ्या बहिणी परत येणार होत्या. पण मग सिस्टर बाहेर जाणार नव्हत्या. त्या नाही म्हणाल्या तर त्या बाहेर जातील, आणि पाणी आत येईल. माझ्या दगडी डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम मावेनात.

सिस्टरनी धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, "तुला रस्ता आण म्हणाले ती मीच. आता खोद म्हणते तीही मीच. आणि तुम्ही सगळे ऐका. माझ्या गुडघ्यांच्या नावावर गल्ली बुडवू नका. मला उतरता आलं नाही, तर तुम्ही चढा."

काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि सगळ्यांत आधी सही केली.

खोदकाम बरेच दिवस चालले आणि गल्लीने धूळ खाल्ली. थरावर थर निघत गेले. आधी त्या दोन सिमेंटच्या पोरी गेल्या. मग माझी तिसरी बहीण दिसली, मग दुसरी, मग पहिली. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. आम्ही एका शिळेच्या, एका वयाच्या, पण त्यांच्या पाठीवरच्या रेघा अजून ठसठशीत होत्या. माझ्या झिजून पार गुळगुळीत झालेल्या. त्या तरुण दिसत होत्या आणि मी म्हातारी. त्यांचा मला हेवा वाटला, पण क्षणभरच. माझ्या रेघा सिस्टरच्या बसण्याने झिजल्या होत्या.

पुढचा मोठा पाऊस आला तेव्हा सून मशीन उचलायच्या तयारीत दारात उभी होती. सिस्टर माझ्यावर बसल्या होत्या. पाणी पहिल्या बहिणीवर चढले. दुसरीला लागले. तिथे ते थोडे घुटमळले, आणि वळून गटाराच्या जाळीकडे निघून गेले. सुनेने मशीनवरचा हात काढला. सिस्टर मात्र पाण्याकडे बघत राहिल्या, आणि मग खाली उतरत गेलेल्या त्या चार पायऱ्यांकडे.

तेव्हापासून त्या रस्त्यावर गेलेल्या नाहीत. धाकट्याने लोखंडी कठडा बसवला आहे. तो धरून त्या तिसरीपर्यंत येतात, थांबतात आणि परत फिरतात. संध्याकाळी गल्ली वर चढून येते. काकांच्या दुकानाला आता लाकडी जिना लागला आहे. परवा त्याच जिन्यावर ते ठेचकाळले आणि सोललेली नडगी घेऊन आमच्याकडे आले. सिस्टरनी पट्टी बांधली आणि त्याच दमात रागवल्या. खाली उतरणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच गोष्ट सांगतात, "जाता जाता जाळीवरचा पाला काढ." आणि लोक काढतात.

मित्रांनो, वर कुठले आणि खाली कुठले, हे मला अजूनही नीट कळलेले नाही. पाण्याला मात्र ते पहिल्यापासून पक्के ठाऊक आहे. म्हणून तुम्ही मोठे व्हाल, शहराचे रस्ते कराल, तेव्हा माझे एवढे ऐका. कुठलाही रस्ता उंच करण्याआधी त्याच्या कडेच्या सगळ्यांत खालच्या दारात थोडा वेळ बसून बघा. असे दार सापडले नाही तर आमच्याकडे या. माझ्यावर जागा आहे. सिस्टर थोड्या सरकतील.